उंदीर मारणारं घराणं

कसब्यात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका आपल्या कुत्र्याला अहो-जाहो करतात. कुत्रा यॉर्कशायर टेरियर आहे. मांजराहून लहान, पण केस जमिनीपर्यंत. कोणी "किती गोड!" म्हटलं, की काका जिन्यातच थांबतात.

"गोड नव्हे. यांचे पूर्वज इंग्लंडच्या कापडगिरण्यांत उंदीर मारायचे. जात हट्टी आणि निडर."

मी त्याला अरे-तुरे करतो, हे काकांना खटकायचं.

परवा आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. बायकोची किंकाळी ऐकून काका कुत्र्याला घेऊन वर आले. "आता आपण फक्त बघायचं," म्हणाले.

सिलिंडरमागून उंदीर बाहेर आला आणि कुत्रा थरथरत काकांच्या पायांत शिरला. काकांनी त्याला उचलून काखेत धरलं, दुसऱ्या हातात आमचा झाडू घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी उंदराला जिन्यावरून पार रस्त्यापर्यंत हाकललं.

परत आले ते धापा टाकत. कुत्रा अजून काखेतच होता.

"बघितलंत?" काका म्हणाले. "रक्तातच असतं यांच्या."

मी कुत्र्याकडे बघून म्हणालो, "अहो, दमला असाल. बसा, चहा टाकतो."

काका बसले.