राखेनंतरचे जाहीर आभार

माझ्या नावाचा फ्लेक्स आयुष्यात एकदाच लागला आणि त्यापायी मला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या फ्लेक्सवर शिवी नव्हती. उलट आभार मानले होते, तेही जाहीर.

आमचं गाव कळंबपासून जवळ. एसटीच्या डेपोत मेकॅनिकची नोकरी केली, रिटायर झालो आणि गावातच राहिलो. गावात माझा मान एकच. कुणाकडंही लग्न निघालं की कोठीची किल्ली माझ्याकडं. तेलाचे डबे, साखर, बुंदीची पातेली ज्या खोलीत ठेवतात, तिच्या दारात मी खुर्ची टाकून बसायचो. खुद्द नवरदेवाच्या मामालाही मला विचारल्याशिवाय आत जायची टाप नव्हती. बायको म्हणायची, "घरातल्या डब्यात काय हाय ते ठावं न्हाय, अन् गावाच्या कोठ्या सांबाळत्यात." पण तिलाही त्याचा अभिमान होता, हे मला ठाऊक होतं.

तर झालं असं, की महादेवाच्या पिंडीवरचा चांदीचा नाग एका सकाळी गायब झाला. अशा वेळी आमच्या गावात पोलीस बोलावत नाहीत, राख टाकतात. दिवस मावळताना देवळातले दिवे बंद करायचे. घरटी एकानं टोपलीभर राख घेऊन यायचं आणि अंधारात सभामंडपात एकाच ढिगावर ओतायचं. ज्यानं वस्तू नेली असेल त्यानं ती आपल्या राखेत दडवून आणायची. सकाळी ढीग चाळायचा. वस्तू निघाली की विषय संपला. त्यानंतर त्या वस्तूच्या संदर्भात कुणाचंही नाव घ्यायचं नाही, ना वाईट बोलायला, ना चांगलं. ज्याचं नाव निघेल तोच तो, असं गाव समजतं.

आता घरोघरी गॅस. राख आणायची कुठून? आमच्याकडं मात्र अंघोळीच्या पाण्याचा बंब अजून लाकडांवर पेटतो. अर्धी गल्ली टोपल्या घेऊन माझ्या दारात. मीही मोठ्या मनानं राख वाटली. दुसऱ्या दिवशी नाग निघाला. फण्यावरचा लाल खडा तेवढा नव्हता. "जाऊ द्या, देव घरी आला," म्हणत सगळे पांगले.

चार दिवसांनी स्टँडवर फ्लेक्स झळकला. "श्री महादेवाचा चांदीचा नाग परत मिळाला. मोलाच्या सहकार्याबद्दल जाहीर आभार." खाली माझं नाव. आणि फोटो कुठला? कुणाच्या तरी लग्नातला, कोठीच्या दारात उभा असलेला, हातात किल्ली! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

फ्लेक्स लावणारा होता देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. नाग हरवला तेव्हा भरसभेत मीच विचारलं होतं, "गाभाऱ्याची किल्ली रात्री कुणाकडं असती?" तो तेव्हा नुसता हसला होता. ते हसणं मला आता आठवलं. तडक त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "तुमी बी कमाल करता! आभारच मानलेत की. समद्या गल्लीला राख कुणी दिली? तुमीच ना? मग खोटं काय लिवलं?" खोटं काहीच नव्हतं, हीच तर गोची होती.

मग सुरू झालं. मी हॉटेलात गेलो की बोलणं थांबायचं आणि सगळ्यांना एकदम पावसापाण्याची आठवण यायची. शेजारणीनं वाळत घातलेली तांब्याची घागर आत नेली, तर मला वाटायचं, मला बघूनच नेली. कोण खरंच नजर चुकवतंय आणि कोण सहज दुसरीकडं बघतंय, तेही कळेनासं झालं. त्यातच गल्लीतलं लग्न निघालं. पत्रिका आली, किल्ली आली नाही. "तुमाला कशाला तरास, आता वय झालं," म्हणे. वय काय माझं आठ दिवसांत झालं होय? त्या लग्नाला मी जेवलो नाही.

कळंबच्या वकिलीणबाईंना फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "काका, यात तर तुमचं कौतुक आहे." मी राखेची सगळी रीत सांगितली तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाल्या, "शब्द वरून स्वच्छ आहेत. त्यामुळं नुसता फ्लेक्स दाखवून भागणार नाही. ही रीत माहीत असलेला, फ्लेक्स वाचून तुम्हाला चोर समजलेला माणूस साक्षीला लागेल. मिळेल?"

"एक काय, अख्खं गाव मिळंल!" मी म्हणालो.

एक जण मिळेल तर शपथ! ज्यानं किल्ली दिली नव्हती तो गळ्याला हात लावून म्हणाला, "देवाशप्पथ, तुमच्यावर संशय? माज्या तर सपनात बी न्हाय आला." घागर नेणारी म्हणाली, "भाऊजी, असलं कुटं आस्तंय व्हय?" दारोदार फिरलो. अहो, लोक दारात येऊन विनवतात की माझ्यावर संशय घेऊ नका, आणि मी विनवत होतो की बाबांनो, घेतला होता म्हणा! सगळे अगदी गोड बोलत होते. तेवढा गोडवा मला गावात कधी भेटला नव्हता, म्हणून तर मला कुणाचाच भरवसा वाटेना. सगळे अध्यक्षाला मिळालेत, अशी माझी खात्री झाली.

एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "म्या येते साक्षीला." मला हसू आलं. म्हटलं, घरची बाई, तिचं कोण ऐकणार? पण दुसरं होतंच कोण?

कोर्टात जज्जसाहेब परजिल्ह्यातले होते. फ्लेक्सचा फोटो त्यांनी दोनदा पाहिला. अध्यक्षाच्या वकिलानं हसतच माझ्या बायकोला विचारलं, "बाई, आभार मानले तर तुमच्या नवऱ्याची बदनामी कशी झाली? तुम्हाला तरी वाचून काय वाटलं?"

ती पदर सावरून म्हणाली, "साहेब, म्या ह्याच गावात लहानाची मोठी झाले. राखंनंतर कुणाचं नाव घेत न्हाईत. ह्यांचं नाव वाचलं अन् मला वाटलं, ह्यांनीच नेला. घरी गेले, हे बाहेर हुते, तवर ह्यांची पेटी उगडून समदी उपसली. खडा बगत हुते."

"सापडला?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय. पर बगितला म्या."

कोर्टात कुणी हसलं नाही. मी माझ्या चपलांकडं बघत बसलो. गावातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला होता. माझ्या घरातही कुणी घेत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. बायकोच्या साक्षीवरून बदनामी शाबीत होते, असं त्यात स्पष्ट होतं. अध्यक्षाला देवळासमोर उभं राहून माफी मागावी लागली. सगळ्यांनी मला पेढे भरवले. मी बायकोशी बरेच दिवस नीट बोललो नाही, कामापुरतं तेवढं. पेटीला कुलूप घालायला लागलो, आणि ती बघतेय हे कळूनही घालत राहिलो.

मग एक दिवस पुढच्या आळीतला माणूस लग्नाची पत्रिका घेऊन आला, आणि पत्रिकेवर कोठीची किल्ली. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. राहवलं नाही, विचारलंच. "खडा सापडला असता तर काय केलं असतंस?"

तिनं मान वर केली नाही. "काय करनार? बंबातली राख घेतली असती, त्यात घातला असता, अन् सांजच्याला म्याच देवळात ओतून आले असते. कुनी बगितलं असतं तर म्हनले असते, म्याच नेला हुता."

भाकरी तव्यावर टाकून तिनं हात धुतले. मी पेटीची किल्ली खिशातून काढली आणि तिच्या ओल्या हातावर ठेवली.