उकंडआबांची तिवई

हिंगोलीत मिडलची परीक्षा पास होऊन मी दोन गोष्टी शिकून आलो होतो : उर्दूत अर्ज लिहिणं आणि सायकल चालवणं. पहिलीनं कुणाचं काही बिघडलं नाही, गाव मला मुनशी म्हणू लागलं एवढंच.

दुसरीनं बिघडलं. ऐन मळणीच्या दिवसांत दोस्ताची सायकल मागून घेऊन, पायात बूट, घंटी वाजवत, मी थेट उकंडआबांच्या खळ्यात शिरलो. खळ्यात वहाण घालून जायचं नसतं आणि वारं देणाऱ्या माणसाजवळ गलका करायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण सायकलीवर बसलं की माणसाला आपण गावचे आहोत हेच आठवत नाही. कडेला बांधलेल्या बैलांनी जन्मात सायकल पाहिली नव्हती. त्यातला एक दावं तोडून, शेपूट वर करून उधळला, तो सकाळपासून साफ केलेल्या ज्वारीच्या राशीतून भुसात गेला, भुसातून पुन्हा राशीत आला आणि जाता जाता तिवईला धडकला. तिवई म्हणजे तीन पायांची उंच लाकडी घडवंची. तिच्यावर उभं राहून मळलेला माल टोपलीतून हळूहळू वाऱ्यावर सोडायचा. दाणा खाली पडतो, भूस उडून बाजूला जातं; हेच वारं देणं. त्या घडीला तिवईवर उकंडआबा होते.

मग नव्हते.

उकंडआबा कोण हे सांगितल्याशिवाय मी का घाबरलो ते कळायचं नाही. जवळा बाजारपासून कोसभरावर आमचं गाव, आणि आबांचं घर आमच्या घराला लागून. त्यांच्या घरात कधी मीठ संपे, कधी तेल संपे, राग मात्र कधी संपला नाही. एकदा अंगणातल्या लिंबाचा पाला ताटात पडला म्हणून त्यांनी लिंब तोडला आणि सगळा उन्हाळा उन्हात बसून जेवले. लिंबाचीच चूक होती असं शेवटपर्यंत म्हणत.

हे हसण्यावारी गेलं. किसनचं गेलं नाही. किसन त्यांचा एकुलता एक मुलगा. एका वर्षी बापाला न विचारता तो तिवईवर चढला. आमच्याकडे तिवईवर घरचा कर्ता चढतो. आबांनी खालून तिवईचा पाय ओढला. किसनचा डावा हात मोडला, तो सांधला पण वाकडाच राहिला. आठ दिवसांत तो बायको-लेकरू घेऊन सासुरवाडीला, आखाडा बाळापूरला निघून गेला. आबा एक शब्द बोलले नाहीत. हाताबद्दलही नाही.

पुढच्या सुगीत आबा एकटेच तिवईवर, आणि वारं पडलेलं. त्यांनी वाऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. वाऱ्याची आई, वाऱ्याचा बाप, कुणाला सोडलं नाही. शेवटी घसा बसला. पुढचं त्यांनीच मला सांगितलं होतं.

"आवाज गेला लेका. मंग काय करू? गप उभा राह्यलो. तर कानाला कायतरी लागून राह्यलं. वारंच, पन पार बारीक. अन् नाकात येक ये-जा चाललेली. म्हनलं, हे कोन? तर मीच. पन्नास वर्सं आत बाहेर करून राह्यलो, अन् आपल्याला पत्ताच न्हाई."

"मग?"

"मंग काय, वळख झाली. राग येतो ना, तवा बी आधी कान तापत्यात. वाऱ्यासारखंच. येन्याआधी सांगून येतो त्यो. आपुन ऐकत न्हाई."

तेव्हापासून आबा रोज पहाटे रिकाम्या खळ्यात जाऊन बसू लागले. ना गुरू, ना माळ, ना मंत्र. गावानं आधी भुताटकी म्हटलं, मग वेड म्हटलं, मग नाद सोडला. सखुमाय, म्हणजे त्यांची बायको, एवढंच म्हणाली, "आधी घर डोक्यावर घेऊन बसायचे, आता खळ्यात जाऊन बसत्यात. बसूंद्या." एक बुवा आले होते, त्यांना आबांचं फार कौतुक वाटलं. म्हणाले, "वा! मनातलं भूस फेकून द्यायचं, दाणा तेवढा ठेवायचा." आबा म्हणाले, "भूस काहून फेकायचं महाराज? बैलं काय खातीन?"

बाप निवळला हे बाळापूरच्या बाजारात किसनच्याही कानावर गेलं. त्याचा विश्वास बसला नाही. माझ्या सायकलीच्या त्या वर्षी मळणीला तो एकटाच आला, बायको-लेकराला न आणता. "वारं दिऊन झालं की जातो," एवढंच बोलला. सकाळी सखुमाय आमच्या दारात आली आणि माझ्या आईला म्हणाली, "आजचा दिस नीट जाऊंदे बाई. आज ह्यांनी त्वांड सोडलं तर नातू पुन्ना दिसायचा न्हाई."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं म्हणूनच तर सायकल दामटत खळ्याकडे निघालो होतो. असा तमाशा चुकवून कसं चालेल?

तर आबा भुसात पडले होते. मिशीत भूस, पटका बैलाच्या शिंगात. रास गेली होती. सगळ्यांत आधी हलला किसन. त्यानं कडेला पडलेली आबांची काठी चटकन उचलली आणि पाठीमागे लपवली. लहानपणची सवय असावी. आबांनी ते पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

मग त्यांनी भुसातच मांडी घातली आणि डोळे मिटले. तेवढ्यात वारं सुटलं, दिवसभरात आलं नव्हतं असं. सखुमाय पुटपुटली, "वारं आलंय, अन् ह्यांनी डोळं मिटून बसायचं आताच काढलंय!" पण कुणी हललं नाही. मी बूट काढून हातात धरले. त्याचा उपयोग काय ते मला आजही सांगता येणार नाही.

आबांनी डोळे उघडले.

"किसन."

"जी."

"लय राग आला रं. ह्या मुनशीचा, बैलाचा, त्या सायकलीचा. आजून हाय."

"दिसून राह्यलं," किसन कानांकडे बघत म्हणाला. काठी पाठीमागेच.

"पन पायाखालून तिवई गेली ना, तवा कशाला धरू तेच कळंना. तुला बी आसंच झालं आसंल का रं?"

किसननं पाठीमागची काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "तुमाला बैलानं पाडलं, आबा."

आबांची मान खाली गेली. "व्हय," ते म्हणाले. "तुला बापानं."

इतक्या वर्षांत त्या घरात ही गोष्ट पहिल्यांदा बोलली गेली. आबा उठले. तिवई उभी केली, हलवून पाहिली. मग तिच्यापाशी गुडघे टेकून बसले आणि तिचे दोन पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"चढ."

किसन उभाच.

"चढ लेका. म्या धरलीया."

"आरं चढ की!" सखुमाय ओरडली. "वारं काय तुमा बापलेकाची वाट बगत बसनारंय व्हय?"

किसननं काठी खाली ठेवली आणि चढला. वाकड्या हातामुळे टोपली एका बाजूला कलत होती, दाणे आणि भूस आबांच्या डोक्यावर, मानेवर, कानांवर पडत होतं. आबांनी तिवईचे पाय सोडले नाहीत. मी अनवाणी, खालून टोपल्या देत होतो. संध्याकाळपर्यंत वारं पडलं नाही, आणि इतका भरलेला दिवस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाळापूरला गाडी गेली. परत आली तेव्हा तिच्यात नातू होता.

मी आबांची माफी मागायला गेलो तर म्हणाले, "माफी नगं. तुज्यापायी येक दिसाचं काम वाढलं. सावड म्हनून येक दिस दे." सावड म्हणजे तू माझ्या रानात राबायचं, मी तुझ्या.

"काल राबलो की, आबा."

"काल तू तमाशा बगाया आल्ता. त्यो धरायचा न्हाई."

त्यानंतर पुष्कळदा मी पहाटे त्यांच्याशेजारी बसलो. सुरुवातीला मला डास, खाज आणि न्याहारीची भाकरी यांपलीकडे काही सापडलं नाही. पण गेल्या वर्षी, जाळपोळ-लुटालुटीच्या धामधुमीत, आम्ही गाव सोडून पैनगंगेपलीकडे, संस्थानाच्या हद्दीबाहेर, नातलगांकडे राहिलो. परत जाता येईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि घरातली माणसं भीतीपायी एकमेकांवर खेकसत होती. तेव्हा मी अंगणात बसून कानाला वारं कुठून लागतं ते शोधत असे. भीती जात नसे. पण तिच्या हातात काठी मी दिली नाही. शाळेनं मला बरंच दिलं, हे आबांनी दिलं.

सावड मात्र राहिली. त्या पळापळीत सुगी गेली, मग हिंगोलीला मला कारकुनी मिळाली. परवा जवळा बाजारात किसन भेटला, खांद्यावर लेकरू.

"आबा इचारत व्हते, मुनशीचा दिस कवा?"

"फाल्गुनात येतो म्हणावं."

"या. सायकल तेवढी घरी ठिवा."

येईन म्हणालोय. तोवर आबांचा तो एक दिवस माझ्याकडेच आहे.