मनोजभाऊंचे सभासद आणि कुसाबाईचा मांडव

पिंपळगावात आमच्या वस्तीवर बातमी फुटली, की कुसाबाईनं टोळीसकट समोरच्या पक्षात उडी मारली. पुरावा काय, तर तिच्या डोक्याला त्या पक्षाचं उपरणं. वस्तीवर बातमीला पुरावा लागतो, पण फार चांगला लागत नाही. खरं एवढंच, की द्राक्षबागेत फवारणी चालली होती, आधीच्या पक्षाच्या उपरण्याचं पोतेरं झालं होतं आणि हे नवं रस्त्यात फुकट वाटत होते.

तरी आमचे शाखाध्यक्ष मनोजभाऊ हादरलेच. कुसाबाई म्हणजे बागेत द्राक्षघडातले मणी विरळायला जाणाऱ्या बायांची मुकादम. नवरा गेल्यावर तिनं ही टोळी जमवली. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा तिची, आणि टेम्पो कुठल्या बागेकडे वळायचा हेही तीच ठरवणार. पक्षाचंही तसंच. ती आली की शाखा टम्म फुगायची. तिनं पाठ फिरवली की मनोजभाऊ आणि त्यांची खुर्ची एवढीच शाखा उरायची.

मागच्या निवडणुकीआधी भाऊंनी वस्तीवरचा एकही दहावा चुकवला नव्हता. नदीवर भाऊ हजर, भाऊंचं भाषण हजर. बायांना बरं वाटलं, सगळ्या सभासद झाल्या. मग गुलाल उधळला आणि भाऊ दिसेनासे झाले. कुसाबाईची जाऊ धोंडाबाई वारली, तिच्या दहाव्यालाही फिरकले नाहीत. राजीनामा कुणीच दिला नाही. बाया सभेला जायच्या थांबल्या, झालं.

आता उद्या नाशिकहून नेते येणार होते. हॉल रिकामा दिसला तर भाऊंचं पद गेलंच म्हणून समजा. तेवढ्यात कुसाबाईच्या दारात मांडव दिसला. भाऊ पांढऱ्या कपड्यांत धावले, चपला काढल्या, हात जोडले आणि काही न विचारता सुरू झाले, “कधीही भरून न येणारी पोकळी...”

 मांडवातल्या पाळण्यातली नात रडायला लागली. बारसं होतं.

टोळीतल्या फुलाबाईनं पदर तोंडात कोंबला. “बोला की भाऊ, थांबलात का?”

भाऊंनी घाम पुसला. “मावशी, चुकलं. पण उद्या बायांना घेऊन या, न्हाईतर माझं पद जातंय. पक्ष का सोडला, एवढं तरी सांगा.”

कुसाबाईनं त्यांच्या हातावर घुगऱ्या ठेवल्या.

“आम्ही कुठं सोडला रं? माझी जाव गेली तवा तू आला नाय. आज कुणी मेलं नाय, तर भाषण घेऊन आला. घुगऱ्या खा. उद्याची पोकळी काय आमच्यानं भरायची नाय.”