पुस्तकासारखी मिटणारी खिडकी

थंडीचा पहिला तडाखा बसला त्या रविवारी बाइंडरने घरातली एकुलती एक मोठी खिडकी चिकटवून टाकली. साध्या माणसाला गार वारा लागला तर तो कडी घालतो, फार तर फटीत फडकं कोंबतो. पण ज्याचा अर्धा जन्म छापखान्याच्या मागच्या खोलीत पुस्तकांना पाठी लावण्यात गेला, त्याला कुठलीही फट दिसली की आधी खळ आठवते. बाद झालेल्या छापील कागदांच्या पट्ट्या त्याने कापल्या, पातेलंभर खळ शिजवली आणि चौकट, तावदानं, सांधे असं सगळं मढवून काढलं. आत अंधार झाला. तावदानावर भूगोलाचं अर्धं पान उलटं चिकटलं होतं, तेवढाच काय तो बाहेरच्या जगाचा पुरावा.

खळीसाठी मैदा घरात नव्हता. तो समोरच्या मावशींकडून वाटीभर आणला होता. "उद्या आणून देतो," असं बाइंडर छातीठोक सांगून आला होता.

आणखी एक गोष्ट त्याने केली, आणि तीच पुढे नडली. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा असतो, म्हणजे उंदीर-झुरळं तिला तोंड लावत नाहीत. हे बाइंडरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण मोरचूद पडला विषारी, आणि खिडकीला लागूनच आईची खाट. म्हातारीच्या उशाशी विष कशाला, म्हणून त्याने तो वगळला. थोडक्यात, आईवरच्या मायेपोटी त्याने उंदरांना जेवणाचं आमंत्रण दिलं.

एवढा खटाटोप ताईमुळे चालला होता. ताई म्हणजे बाइंडरची थोरली बहीण. गेल्या हिवाळ्यात आई खोकून खोकून अर्धी झाली, तेव्हाच ताईने निकाल देऊन ठेवला होता, "पुढच्या थंडीत आईला मी नेणार. माझ्याकडे हीटर आहे. तुझ्याकडे काय आहे? पुठ्ठे!" आता ती महिनाअखेरीला न्यायला येणार होती. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. एकदा वर चढली की ती पुन्हा खाली कधी उतरेल, याचा भरवसा नव्हता. बाइंडरला हीटर परवडत नव्हता, आणि परवडला असता तरी विजेचं बिल परवडलं नसतं. पण आपल्या घरात आपल्या आईला थंडी वाजते म्हणून ती दुसरीकडे जाते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. लहानपणापासून प्रत्येक भांडणात ताईच जिंकत आली होती. निदान या एकात तरी तिने जिंकू नये, असंही त्याला वाटत होतं. ते तो कुणापाशी बोलत नव्हता, एवढंच.

मग त्याने कंबर कसली. आईच्या खाटेखाली फरशीवर जाड पुठ्ठे अंथरले. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढली. दाराखालच्या फटीसाठी आपल्या जुन्या पँटचा एक पाय कापला, त्यात छापखान्यातली कागदाची कात्रणं ठासून भरली आणि दोन्ही तोंडं शिवून टाकली.

"चला," बायको म्हणाली, "या पँटमध्ये एवढा भरीव पाय पहिल्यांदाच गेला असेल."

"हस तू. आता वारा येऊन दाखव म्हणावं."

"वारा नाही आला तरी चालेल, पण स्वयंपाकघरातल्या झरोक्याला हात लावाल तर खबरदार. गॅसवर मी उभी असते, तुमची पुस्तकं नव्हे."

झरोका वाचला. खोली खरोखर थोडी उबदार झाली. बाइंडर येता-जाता भिंतींना हात लावून बघायचा, जणू त्यांना ताप आलाय का तपासतोय.

आई मात्र गप्प झाली.

आधी बाइंडरला वाटलं, ऊब मिळाली म्हणून गुंगी येत असेल. आई मुळात गप्प बसणाऱ्यातली नव्हे. खिडकी ही तिची कचेरी होती. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या पिशवीत आज काय आहे, कुणाचं पोर शाळा बुडवून हिंडतंय, हे सगळं तिथे रोजच्या रोज जमा व्हायचं. सकाळी ऊन भिंतीवर आलं की समोरच्या मावशी तांदळाचं ताट घेऊन यायच्या, खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर टेकायच्या आणि निवडायला बसायच्या. ताटातले खडे संपायचे, बोलणं संपायचं नाही. आता तिथे भूगोल चिकटला होता. भरदिवसा दिवा लावून आई खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि बाइंडर कामावरून आला की विचारायची, "आज ऊन होतं का रे?"

एका रात्री जेवताना बायकोने बातमी दिली. "सासूबाई फोनवर ताईंना म्हणाल्या, ये लवकर न्यायला."

बाइंडरचा घास हातातच राहिला. "आता? खोली गरम झाल्यावर?"

"मी काय सांगू? तुम्हीच विचारा."

त्याने विचारलं नाही. माणूस फटी शोधतो तेव्हा त्या भिंतीतच शोधतो, कारण तिथल्या बुजवता येतात. त्याने भिंतीलाही दोन पुठ्ठे ठोकले.

एके दिवशी छापखान्यातली वीज गेली आणि दुपारीच सुट्टी झाली. बाइंडर घरी आला. खोलीत पाऊल टाकतो तो काय, खाट पुन्हा सरकून खिडकीला टेकलेली. डोक्यावरून शाल घेऊन आई खिडकीच्या खालच्या कोपऱ्याला कान लावून बसलेली. उंदरांनी बिनमोरचुदाची खळ चवीने खाऊन तिथल्या फुटक्या तावदानावरच्या कागदाला पेरूएवढं भोक पाडलं होतं. त्यातून गार वाऱ्याची झुळूक येत होती. आणि तिच्याबरोबर समोरच्या मावशींचा आवाज.

"आक्का, नीट ऐकू येतंय ना?"

"येतंय गं. तू सांग, पुढे काय झालं?" आईने आता भोकाला तोंड लावलं. "पण आता हे किती दिवस? जातेच मी लेकीकडे."

बाइंडर दारातून पुढे झाला. मग म्हणाला, "आई! अगं, वारा येतोय ना तिथून!"

आई दचकली, पण जागची हलली नाही. "येऊ दे. वाऱ्याबरोबर ती पण येते."

"खाट कुणी सरकवली?"

"तुझ्या बायकोने. तिला रागावू नकोस, मी पाया पडेन म्हणाले तेव्हा सरकवली."

बाइंडर खाटेच्या कडेला टेकला. बाहेर मावशींनी समजूतदारपणे खोकून आपण निघाल्याचं कळवलं आणि त्या कान देऊन तिथेच बसल्या.

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू एवढा मन लावून चिकटवत होतास. लहानपणी पतंग चिकटवायचास ना, तसाच, जीभ बाहेर काढून. कसं बोलू?" आई शालीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "थंडीचं काही नाही रे. थंडी मी पुष्कळ पाहिलीय. पण इथे सकाळ झालेली कळत नाही. ताईकडे तिसऱ्या मजल्यावर निदान ऊन तरी दिसेल."

ऊन तर इथेही होतं, आपल्याच भिंतीवर, फुकट. त्यानेच ते बाहेर ठेवून कागद लावला होता. थंडी आणि ऊन एकाच खिडकीतून येतात. एकाला घ्यायचं आणि दुसऱ्याला अडवायचं, तर खिडकीला उघडता-मिटता यायला हवं. उघडता-मिटता येण्याची सोय करण्यातच तर त्याची हयात गेली होती!

दुसऱ्या दिवशी त्याने गरम पाण्यात फडकं बुडवून भूगोल उतरवला. मोठ्या हिशेबवह्यांना लावतात तसले जाडजूड पुठ्ठे एकावर एक ठेवून खिडकीच्या मापाची दोन पानं केली. आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. या वेळी खळ नाही. दाभण आणि मेणदोरा घेऊन त्याने टाके घातले. मेजवानी संपली, हे उंदरांनाही कळावं. लाल कापडाच्या पट्टीची पाठ करून ती चौकटीला ठोकली आणि पानांच्या कडांना दोरी बांधून तिचं टोक खाटेपर्यंत आणलं. ऊन आलं की आईने दोरी सोडायची, खिडकी पुस्तकासारखी उघडायची. ऊन भिंतीवरून उतरलं की दोरी ओढायची, पुस्तक मिटायचं आणि दिवसभराची ऊब आत राहायची.

"नाव काय छापायचं वर?" बायकोने विचारलं.

"लेखिकेला विचार," बाइंडर म्हणाला. लेखिका दोरी ओढून-सोडून बघण्यात गुंग होती.

महिनाअखेरीला ताई आली. रिकामी बॅग आणि भरलेला आवाज घेऊन आली. तिने फरशीवर तळवा टेकवला, दाराखालची पँट पायाने ढकलून पाहिली, मिटलेल्या खिडकीच्या कडेने सावकाश हात फिरवला. वारा कुठेच लागेना, तेव्हा ती थोडी हिरमुसली.

"बरं केलंयस," ती भावाला म्हणाली. "पण पुठ्ठा तो पुठ्ठाच. आई, चल, हीटर आणखी एक घेतलाय तुझ्यासाठी."

बाइंडरने दोरीचं टोक आईच्या हाताशी सरकवलं. पुठ्ठ्यांनी बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

आईने दोरी सोडली. ऊन खाटेवर आलं, तिच्या पायांवर आलं. "बघ, कशी उघडते," ती म्हणाली. मग मुलीचा हात धरून तिला शेजारी उन्हात बसवलं. "तुझ्याकडे उन्हाळ्यात येते गं. तुझा पंखा चांगलाय."

"आई, थट्टा नको. गेल्या वर्षीचा खोकला आठव."

"आठवतोय. आला तर नेशील."

ताईचे डोळे भरले. तिने तोंड फिरवून पर्समधून लोकरीचे मोजे काढले आणि आईच्या पायांत घातले, जरा जास्तच जोरात. जाताना दारात ती भावाला म्हणाली, "एकदा खोकली ना, तर पुस्तकासकट उचलून नेईन."

"ने," बाइंडर म्हणाला. हिवाळा अजून पुष्कळ उरला होता, आणि आपण जिंकलोय असं काही त्याला वाटेना. ताईला त्याने नाक्यापर्यंत सोडलं, बॅग स्वतः उचलली. ती रिकामी होती, तरी.

त्यानंतर रोज सकाळी ऊन आलं की दोरी सुटते, पुस्तक उघडतं आणि बाहेरून पहिलं वाक्य ऐकू येतं, "काय आक्का, माझी मैद्याची वाटी?"

बाइंडरला लाज वाटली. एका सकाळी काठोकाठ वाटी भरून तो निघाला.

"कुठे?" आईने विचारलं.

"मावशींना देऊन येतो. कधीची राहिलीय."

"ठेव ती खाली."

"अगं, रोज मागतात त्या!"

"मागू दे की," आई म्हणाली आणि तिने दोरी सोडली. बाहेर मावशी ताट मांडीवर घेऊन टेकल्याच होत्या.

"काय आक्का, माझी वाटी?"

"उद्या देतो म्हणालाय," आईने सांगितलं.

बाइंडरने वाटी फळीवर ठेवली, वर बशी झाकली आणि तो कामाला गेला.