ट्रान्स्फर केसवरची रेघ

भावाने अट फोनवर सांगितली आणि मी ती लिहून घेतली. रविवारी तो स्वतः जीपमध्ये बसणार. आमच्या डोंगरातल्या जागेवरून खालच्या नाल्यापर्यंतचा उतार जीपने ब्रेकला पाय न लावता उतरायचा. उतरली तर आरसी बुक माझ्या नावावर करायला तो सही देणार. नाही उतरली तर जीप नेऱ्याच्या पुढच्या एका रिसॉर्टवाल्याला विकणार. त्या माणसाला ती चालवायची नव्हती. इंजिन काढून फाटकाशी शोभेला उभी करायची होती, बॉनेटवर कुंड्या ठेवून.

जीप वडिलांची. त्यांच्यानंतर कागद भावाच्या नावावर झाले, कारण तो थोरला आणि त्या दिवशी आरटीओत जायला तोच मोकळा होता. तो खारघरला एकविसाव्या मजल्यावर राहतो. जीप नवीन पनवेलला माझ्या इमारतीखाली असायची आणि मीच ती चालवायचो. आमचं बोलणं कागदपत्रांपुरतं उरलं होतं. अट मात्र अकारण नव्हती. आदल्या उन्हाळ्यात त्याच उतारावर ब्रेक तापून निकामी झाले आणि जीप करवंदीच्या जाळीत शिरली. चालवत मी होतो. टाके त्याच्या कपाळाला पडले.

अशा जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी पेटी असते, ट्रान्स्फर केस. इंजिनची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटते. तिच्यात 'लो' लावला की गाडी रांगायला लागते आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं. आमच्या जीपचा लो त्या उताराला पुरत नव्हता. आतली दातेरी चाकं बदलून लो आणखी खाली आणता येतो, तसे चाकांचे जोड मिळतात. मी एक जोड मागवला आणि सुकापूरला गेलो.

तिथल्या मेकॅनिकचा गाळा ज्या इमारतीत आहे, ती त्याच्या वडिलांच्या भातशेतीवर उभी आहे. वरच्या मजल्यांवर त्याचे भाडेकरू राहतात. गॅरेज चालवण्याची त्याला गरज नव्हती, आणि गिऱ्हाइकाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची तो काळजी घ्यायचा. मी त्याला शेठ म्हणायचो. तो मला पेपरवाले म्हणायचा, कारण मी एका दैनिकाच्या डेस्कवर सव्वीस वर्षं काढली होती आणि पहिल्याच दिवशी वही घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो होतो. 'पंचनामा चाललाय,' असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

नवीन चाक जुन्यापेक्षा मोठं होतं आणि पेटीच्या आतल्या भिंतीला घासत होतं. त्याने ग्राइंडरने बिडाच्या भिंतीत चंद्रकोरीच्या आकाराची जागा केली. मोजमाप काही घेतलं नाही. चाक बसवायचं, फिरवायचं, कान लावायचा, परत काढायचं, असं त्याने अकरा वेळा केलं. मी वहीत अकरा रेघा मारल्या. मधल्या शाफ्टवर पेन्सिलीच्या शिशाएवढे बारीक रोलर बसतात. ते त्याने ग्रीसमध्ये चिकटवून भरले. किती भरले, असं मी विचारलं.

"घालाचे तेवढे घातले."

गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला आहे, असं मी म्हटलं. त्यावर, मग गाडी पुस्तकाकडे न्यायची होती, असं उत्तर मिळालं.

पेटी बंद केल्यावर त्याने पिवळ्या रंगाच्या पेनने प्रत्येक बोल्टवर एक रेघ ओढली, अर्धी पेटीवर आणि अर्धी बोल्टच्या डोक्यावर. बोल्ट फिरला की रेघ तुटते. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, पण त्याच्याकडे ती कायद्यासारखी होती. रेघ शाबूत असेपर्यंत पेटीचं जे होईल ते त्याचं. रेघ तुटली की तो त्या गाडीला पुन्हा हात लावत नाही. खारघर-उलव्याची जुन्या जीपवाली सगळी मंडळी याच भरवशावर त्याच्याकडे येत. जीप ताब्यात देताना त्याने मला हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा वहीकडे बघत.

मी ज्या कामात वाढलो त्यात कोणतंही पान दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय छपाईला जात नाही. लिहिणारा कितीही मोठा असला तरी. शुक्रवारी त्याच्या गावात हळद होती आणि गॅरेज बंद होतं. दुपारी मी इमारतीखाली जीप ठोकळ्यांवर चढवली, तेल काढलं, खालचं झाकण सोडलं, शाफ्ट ठोकून बाहेर काढला आणि रोलर मोजले. आकडा बरोबर होता. त्याचं काम चुकलेलं नव्हतं, आणि याचा मला आनंद झाला नाही, हेही इथे नोंदवायला हवं. पेटी परत बांधायला मला चार तास लागले. मग जुन्या रेघा पुसल्या, पनवेलच्या बाजारातून तशाच पिवळ्या रंगाचं पेन आणलं आणि प्रत्येक बोल्टवर रेघ ओढली.

त्या शाफ्टवरच्या दातेरी चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक वॉशर असतो. त्याची एक बाजू पितळी असते. ती चाकाकडे असावी लागते, म्हणजे घर्षण तिच्यावर होतं. त्यातला एक वॉशर मी उलटा बसवला होता. हे मला रविवारी, शुक्रवारचं काम मनात पुन्हा एकेक करून उलगडताना कळलं.

रविवारी सकाळी मेकॅनिक स्वतःहून आला. नवीन चाकं पहिल्यांदा भाराखाली चालणार होती आणि ती ऐकायची होती, असं त्याने सांगितलं. भाऊ पुढे बसला, मेकॅनिक मागे. पनवेल सोडून दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्याने मला थांबायला सांगितलं. पेटीचा हा आवाज त्याच्या कामाचा नव्हता, असं तो म्हणाला. मी थांबलो नाही. डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा म्हणाला की पेटी तापली आहे, वास येतोय, अर्धा तास निवू दे. भावाने घड्याळात पाहिलं आणि, अजून सुरुवातही झाली नाही वाटतं, असं म्हणाला. मी लो लावला आणि चढायला घेतलं.

चढताना जीप आयुष्यात कधी चालली नव्हती इतकी चांगली चालली. माणसाच्या चालीने, एकही चाक न घसरता. वर पोहोचल्यावर भावाने घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि त्याच्या बाबतीत ती कबुली होती. मी जीप वळवली आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. अर्धा उतार नीट झाला. मग पेटीतून लोखंड कातल्यासारखा आवाज आला, चारी चाकं जाम झाली आणि जीप तिरकी होऊन थांबली.

मेकॅनिक खाली शिरला. भाऊ उतरून एका दगडावर उभा राहिला आणि तिथून बोलत राहिला. गावठी मिस्त्री गाठले की असंच होणार. जमिनी विकून पैसा आला की पाना धरायला कोण शिकतं. यांच्याकडे माणसं गाड्या कशा देतात आणि हे नवे पार्ट काढून जुने कशावरून घालत नसतील. मी ते सगळं ऐकत होतो. जीपखाली टॉर्चचा उजेड हलत होता.

तो बाहेर आला, हात पॅन्टला पुसले.

"रेघ माजी नाय," तो भावाला म्हणाला. "मी पेटीवरून बोल्टवर ओढतो. ही बोल्टवरून खाली आलीय. कोनी तरी उगडलीय."

भाऊ हसला. "रेघेवरून निकाल? वा." मग माझ्याकडे वळला. "ऐक. यांनी घाण केली असेल तर यांच्याकडूनच नीट करून घे, मी महिनाभर थांबतो. अट तीच. पण तू हात घातला असशील तर आजच विषय संपला. बोल."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. भावाने माझ्यावरच विश्वास ठेवला असता. मेकॅनिकवर त्याने तो कधीच ठेवला नसता. महिनाभराचा अवधी आणि जीप, दोन्ही एका वाक्याच्या अंतरावर होतं. भाऊ दगडावरून खाली उतरून माझ्यासमोर आला.

"शुक्रवारी मी उघडली होती," मी म्हणालो. "रेघा मीच ओढल्या."

भाऊ फोन घेऊन बाजूला गेला. शेठ, माझी चूक झाली, असं मी मेकॅनिकला म्हणालो. तोपर्यंत त्याने मला नेहमी तुम्ही म्हटलं होतं.

"आता बोललास," तो म्हणाला. "तो मला चोर बोलत व्हता तवा तुज्या तोंडात काय व्हतं?"

त्याने पिशवी उचलून खांद्याला लावली.

जाम पेटीमुळे चाकं फिरत नव्हती. जीप ओढून न्यायची तर पेटीपासून चाकांपर्यंत जाणारे दोन्ही शाफ्ट सोडवणं भाग होतं. रेघ तुटलेल्या गाडीला हात न लावणारा माणूस भावाच्या एका शब्दावर पुन्हा खाली शिरला. भावाने मात्र मघाचा एकही शब्द मागे घेतला नाही. वाट अडवून ठेवायची नाही म्हणून सोडवतो, एवढंच मेकॅनिक म्हणाला. मी पाना पुढे केला. त्याने तो घेतला नाही, स्वतःच्या पिशवीतला काढला.

भावाने फोन करून बोलावलेला ट्रॅक्टर खालच्या वाडीतून आला. साखळी लावल्यावर जीपचं स्टिअरिंग धरायला कोणी तरी हवं होतं. मी दाराकडे गेलो.

"गाडी माझ्या नावावर आहे," भाऊ म्हणाला आणि आत बसला.

मेकॅनिक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसला. दुसरा मडगार्ड रिकामा होता. त्याने आपली पिशवी उचलून त्यावर ठेवली. ट्रॅक्टर निघाला. मी मागून चालत उतरलो. नाल्याशी पोहोचलो तेव्हा ते रस्त्याला लागले होते.