आधी चालवून बघू
दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला की मला बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखणारे वडील आठवतात. एकदा मी त्यांना दवाखान्यात दाखवायला नेलं, तेव्हा त्यांना हार्ट अटॅक येऊन दोन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी एक महागडी तपासणी सांगितली आणि मी घाबरून लगेच हो म्हणालो. वडील मात्र शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, बैल आमी आधी चालवून बघतो, मग किमतीचं बोलतो. ही तपासणी केली तर माझं औषध बदलणार हाय का?” डॉक्टर म्हणाले, “सध्या तुम्हाला त्रास नाही, म्हणजे औषध बहुतेक बदलणार नाही. आधी ट्रेडमिलवर चालवूनच बघू.” काल डॉक्टरांनी माझ्याच हृदयाच्या तशाच तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी वडिलांचाच प्रश्न विचारला, पण माझा आवाज कापला; तेव्हा विचारताना त्यांचा आवाज जराही कापला नव्हता हे मला काल कळलं.