ठमीची सोय

शेजारचे विनायकराव निवृत्तीनंतर हौसेने तंबोरा बनवायला बसले. शिकवणारं कुणी नव्हतं. पहिला भोपळा कापतानाच तडकला, तर त्यांनी दुसरा आणला. जिन्यात सापडलेलं ठमी नावाचं मांजर त्यांनी पाळलं होतं. ती दिवसभर त्यांच्याजवळ भुशात लोळायची.

काल मी आमटी द्यायला गेले, तेव्हा ते तंबोऱ्याच्या दांडीवर पॉलिश पेपर घासत होते. त्यांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले आहेत, हे मला ठाऊक होतं.

"पूर्ण होईल ना?" मी विचारलं.

"नाही झाला तरी लाकडाला काय, ते थांबेल. या ठमीचं काय? तुम्ही न्याल?"

लाकूड थांबतं, तारा थांबतात. संध्याकाळी भूक लागणारा जीव तेवढा थांबत नाही, आणि जाणाऱ्याला घोर असतो तो त्याचाच.

"नेईन की," मी म्हणाले. "पुढे बघू."

"पुढे नको, आजच न्या. माझ्यादेखत तुमच्याकडे रुळू दे."

मी ठमीला उचललं. ती ओरडत, नखं काढत माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे झेपावत होती. विनायकरावांनी मान वर केली नाही. मी बाहेर पडले, आणि मागे त्यांनी आतून कडी लावल्याचा आवाज आला.